सतरा इंची दंड आणि तीन मजल्यांचा दम

माझा दंड सतरा इंचांचा होता. बेंच प्रेस १२० किलो, डेडलिफ्ट १८०. हे आकडे बारा वर्षे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत आलो. शाळेत शिकवतो, पण मिरजेत मला लोक ओळखायचे ते ‘जिमवाले सर’ म्हणून. शर्टाची बाही दोन घड्या वर दुमडलेली असायची. उकाडा होता म्हणून नव्हे, हे तुम्हीही समजून घ्याल.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अब्बांना एकाएकी चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. स्ट्रेचर येतंय, थांबा, असं खालचा माणूस म्हणाला. मी कसला थांबतो? अब्बांचं वजन अठ्ठावन्न किलो. त्याच्या तिप्पट वजन मी दर सोमवारी जमिनीवरून उचलत होतो. त्यांना दोन्ही हातांवर घेतलं आणि जिना चढू लागलो. पहिला मजला सहज गेला. दुसऱ्या मजल्यावर मांड्या पेटल्या. तिसऱ्याच्या अर्ध्या वाटेवर छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. हात अजून घट्ट होते. हातांना काहीच झालं नव्हतं. श्वास मात्र संपला होता.

अब्बा माझ्या छातीशी होते, त्यांना तो आवाज ऐकू येत असणार. हळूच म्हणाले, “मेरेकू नीचे रख. पहले तू बैठ.”

वर पोहोचलो तेव्हा सिस्टरने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला बांधायला घेतला. पेशंट तेच आहेत, असं सांगायलाही मला दम पुरेना. पट्टा दंडाला पुरला नाही, मोठा आणावा लागला. वर्षभरापूर्वी अशा प्रसंगाने मी खूश झालो असतो. अर्ध्या तासाने शांत बसल्यावरही दाब १५०/१०० होता. वय अडतीस. अब्बांची साखर उतरली होती, ते संध्याकाळी घरी आले. माझे मात्र रिपोर्ट सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, “बाहेर बाकावर बसलेल्यांत सगळ्यात धडधाकट तुम्ही दिसता, सर. कागदावर तुमच्यापेक्षा तुमचे वडील बरे आहेत.”

या लेखात मला माझं कौतुक सांगायचं नाही. ज्या गोष्टीला आपण गावोगाव ‘फिटनेस’ म्हणतो तिच्याबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. ते बोलायचा अधिकार मला आहे, कारण तो धंदा मी आतून पाहिला आहे आणि त्यात मी गिऱ्हाईकही होतो.

आधी कबुली. सत्तावीस वर्षांचा असताना जिल्हा स्पर्धेआधी मी इंजेक्शनं घेतली. दोनदा, आठ-आठ आठवडे. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, बिल नव्हतं. जिममधल्या ट्रेनरने रुमालात गुंडाळून आणून दिली आणि “सगळेच घेतात, कुणी सांगत नाही एवढंच” असं म्हणाला. ते वाक्य खरं होतं की खोटं, मला माहीत नाही. पण तरण्या पोराला गप्प करायला ते पुरतं. त्याच स्पर्धेत माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मित्राने स्टेजच्या आदल्या दिवशी लघवी होण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. कातडीखालचं पाणी निघून जावं, नस न् नस दिसावी म्हणून. आमच्याकडे याला ‘पाणी कापणं’ म्हणतात. दुसऱ्या पोझलाच त्याच्या पोटरीत, मग मांडीत, मग पोटात गोळे आले आणि तो स्टेजवर कोसळला. अंगातलं पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार बिघडले की स्नायू आखडतात आणि हृदयाचे ठोकेही चुकतात, हे आम्हाला त्या रात्री आयसीयूच्या दाराशी कळलं. तो वाचला. आजही वर्षातून दोनदा किडनीच्या डॉक्टरकडे जातो. त्याचा फोटो मात्र अजून त्या जिमच्या भिंतीवर आहे. त्या दिवसाचाच फोटो, कारण तो कधीच तितका ‘फिट’ दिसला नव्हता.

त्या फोटोवर पुष्कळ विचार केला की एक गोष्ट समजते. शरीरसौष्ठव ही कला आहे, मी तिला कमी लेखत नाही. आपल्या कोल्हापूरचा सुहास खामकर २०१० मध्ये ‘मिस्टर एशिया’ झाला, तेव्हा आम्ही पोरं रात्रभर झोपलो नव्हतो. त्यामागचं जेवणाचं शिस्तीचं आयुष्य, वर्षानुवर्षांची मेहनत याला तोड नाही. पण ती कला आहे दिसण्याची. परीक्षक डोळ्यांनी बघतात आणि गुण देतात. तुमचं हृदय किती रक्त ढकलतं, हे कुणी विचारत नाही. घोळ तिथून सुरू होतो जिथे आपण दिसण्यालाच तब्येत समजतो. आणि गल्लीतल्या जिमचा सगळा व्यापार याच घोळावर चालतो.

माझे दादा तालमीत जायचे. आमच्या भागात तालीम ही फक्त कुस्तीची जागा नसते. तिथे मोहरमला पंजे बसतात, गणपतीत मंडप पडतो, भांडणं मिटतात. दादांच्या तालमीत मी लहानपणी जात असे. लाल माती, तेलाचा वास, कोपऱ्यात मुद्गल. आरसा नव्हता. आज विचार करताना ते ठळक आठवतं. तिथल्या पैलवानाला आपण कसे दिसतो हे कळायचं साधनच नव्हतं. आपल्याला काय जमतं हे मात्र रोज समोरचा गडी दाखवून द्यायचा. पहाटे रानातून पळणं, हजारभर जोर-बैठका, मग मातीतली लढत. म्हणजे दमसास आधी, ताकद त्याच्या जोडीला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. आजच्या जिममध्ये ते नाव नोंदवायला गेले असते तर काउंटरवरच्या पोराने त्यांना आधी ‘मास गेनर’चा डबा विकला असता.

असो. तर डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. चालायचं माझ्या अहंकाराला मानवेना. त्याच सुमारास मोबाईलवर क्रिस गेथिनची जुनी व्हिडिओ मालिका सापडली. वेल्सचा हा बॉडीबिल्डर आपल्याकडे हृतिक रोशनचा ‘क्रिश ३’साठीचा ट्रेनर म्हणून माहीत आहे. त्याच्या नावाच्या जिमही भारतात निघाल्या. या माणसाची सारी कमाई स्नायूंवर. त्याने चोवीस आठवडे तयारी करून लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचं ठरवलं आणि ती तयारी लोकांना दाखवली. पाण्यात हा दगडासारखा माणूस धडपडतोय, पळताना सगळ्यांच्या मागे राहतोय. मला त्याच्या पिळदार अंगापेक्षा ती धडपड आवडली. जे येत नाही ते चारचौघांत करायला लागणारी हिंमत आमच्या जिममध्ये मी कधी पाहिली नव्हती. आम्ही तर ज्या दिवशी पायांचा व्यायाम असेल त्या दिवशी दांडी मारणारे लोक.

या खेळाचा जन्मही गंमतीदार आहे. १९७७ साली हवाईत एका धावण्याच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात वाद पेटला, की सगळ्यात तंदुरुस्त खेळाडू कोण? पोहणारे की पळणारे? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने मध्येच सायकलस्वारांचं नाव काढलं, कारण बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सगळ्यांत जास्त असल्याचं त्याने वाचलं होतं. मग ठरलं, तिन्ही एकत्र करून बघू. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केलं. गॉर्डन हॉलर पहिला आला, पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन. आज पूर्ण आयर्नमॅनला साधारण सतरा तासांची मुदत असते. त्याच्या अर्ध्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची स्पर्धा २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होते. मुदत साडेआठ तास. मी तिथे नाव नोंदवायचं ठरवलं आणि बायकोने मला विचारलं, “तुम्हाला पोहता येतं?”

येत नव्हतं. कृष्णेकाठी वाढलेला माणूस, आणि पोहता येत नव्हतं. लहानपणी पाठीला भोपळा बांधून घाटावर दोन-चार दिवस डुंबलो, नाकात पाणी गेलं आणि सोडून दिलं. आता सांगलीकडे नदीत मगरी दिसतात, त्यामुळे घाटाचा प्रश्नच मिटला. तरणतलावावर सकाळची बॅच घेतली. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. अंग तसं होतं. मी पाण्यात उतरलो, पाय आडवे केले आणि पाय थेट तळाला. चरबी पाण्याहून हलकी असते, स्नायू पाण्याहून जरासा जड. जे काही तरंगायचं ते फुफ्फुसांतल्या हवेच्या जोरावर, आणि हवा छातीत असते, मांड्यांत नाही. म्हणजे दहा वर्षे घाम गाळून कमावलेल्या मांड्या मला नांगरासारख्या खाली ओढत होत्या. खांदे इतके आवळलेले की हात डोक्यावर सरळ जात नव्हता. शेजारच्या रांगेतली सातवी-आठवीतली मुलगी माझ्या एका फेरीत तिच्या तीन फेऱ्या करत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मला आपणहून सांगितलं, “काका, तुम्ही पाण्याला मारताय. श्वास पाण्यातच सोडा ना.” मी शिक्षक आहे. विद्यार्थी होणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून वर्गात गणित न येणाऱ्या पोरावर माझा आवाज चढत नाही.

पळण्याची कथा याहून वाईट. वजन ९६ किलो. माणूस एक किलोमीटर पळाला की दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे २१ किलोमीटरला साठ किलोच्या माणसाला बाराशे-तेराशे आणि मला दोन हजार. शिवाय पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि तिला बाहेर पडायला कातडी त्या मानाने कमी मिळते. ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहिलं होतं, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. बोलता येईल इतक्या वेगाने मी पळालो तर ते चालणंच होतं. स्टेशन रोडवर ओळखीचे लोक दुचाकी थांबवून विचारायचे, “सर, गाडी बंद पडली काय?”

सायकल मात्र जमली. सेकंडहँड घेतली, अडतीस हजारांना. सुट्टीच्या दिवशी पंढरपूर रस्त्याने निघायचं, दंडोबाच्या डोंगराला डावं-उजवं घालून द्राक्षांच्या बागांमधून परत. इथे मांड्यांनी पहिल्यांदा साथ दिली. पण दोन तासांनंतर तिथेही एक धडा होता. शरीरात साखरेचा साठा किती? स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक. जोर लावून दीड-दोन तास चाललं की तो संपत येतो. बॉडीबिल्डर असताना भात-भाकरीला मी शत्रू मानलं होतं. कवठेमहांकाळच्या अलीकडे एका चढावर पाय असे थांबले, जणू कुणी बटण बंद केलं. रस्त्याकडेच्या टपरीवर बसून चार केळी आणि सहा खजूर खाल्ले, मीठ-साखरेचं लिंबूपाणी प्यालो तेव्हा पुन्हा माणसात आलो. प्रोटीनच्या डब्याने मला तिथून घरी आणलं नसतं.

मधे रमजान आला. त्या महिन्यात मी बहादुरी केली नाही. लांबचं सगळं बंद ठेवलं, तरावीहनंतर पाऊण तास हलकं पळणं, बस. कुणाला जास्त झेपत असेल तर झेपो. पण पाण्याविना उन्हात सायकल मारून ‘बघा माझी जिद्द’ म्हणणं मला जिद्दीपेक्षा हट्ट वाटतो, आणि हट्टाची किंमत मी एकदा आयसीयूच्या दाराशी पाहिली होती.

सहा महिन्यांत वजन ८५ वर आलं. दंड सतराचा पंधरा झाला. आता बघा गंमत. माझा रक्तदाब १२६/८२ झाला होता, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली होती, रात्रीचं घोरणं थांबलं होतं. आणि गल्लीत बातमी अशी पसरली की सरांना काहीतरी मोठं दुखणं आहे. एका जुन्या दोस्ताने बाजूला घेऊन काळजीने विचारलं, “क्या रे, शुगर हुआ क्या तेरेकू?” जिममध्ये तर मातमच. “सगळं मसल घालवलंस रे.” ज्यांनी मी इंजेक्शनं घेत होतो तेव्हा एकदाही काळजी केली नव्हती, ते सगळे माझ्या तब्येतीची चिंता करायला लागले. आपल्या डोळ्यांना कसली सवय लागली आहे, ते यावरून समजावं.

त्यांच्या बोलण्यात शास्त्र अजिबात नव्हतं असं नाही. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने दहा आठवड्यांचा प्रयोग केला होता. एका गटाने फक्त वजनं उचलली, एकाने फक्त दमसासाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत थबकली आणि घसरली. तेव्हापासून जिममध्ये ‘कार्डिओने मसल जातं’ हा मंत्र झाला. पण तो गट आठवड्याला अकरा-अकरा कठोर सत्रं करत होता, हे मंत्र म्हणणारे सांगत नाहीत. आणि त्या गटाचा दमसास वाढलाच होता, तेही सांगत नाहीत. मी आठवड्यातले दोन दिवस वजनं ठेवली. डेडलिफ्ट १८० वरून १५० वर आली. हा तोटा खरा आहे, लपवत नाही. पण १५० किलो उचलण्याची वेळ आयुष्यात किती वेळा येते? आणि जिना?

स्पर्धेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं वर्णन करणारे पुष्कळ आहेत. त्याआधी दोन महिने कोल्हापूरला जाऊन राजाराम तलावात उघड्या पाण्याचा सराव केला होता, आणि हृदयतज्ज्ञाकडून ट्रेडमिल व इको करून घेतलं होतं. हे कुणीही टाळू नये. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंची पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले दिसले. थंड पाणी, गर्दी, घबराट आणि आधीच दुखरं हृदय. ज्याने कधीकाळी इंजेक्शनं घेतली आहेत त्याने तर ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवूच नये. मी सांगितली. मान खाली घालून सांगितली, पण सांगितली.

मिरामारला समुद्रात उतरलो तेव्हा पहिल्या दोनशे मीटरमध्ये एक टाच तोंडावर बसली, खारं पाणी पोटात गेलं आणि वाटलं, संपलं. बचाव पथकाच्या होडीकडे बघून हात वर करणारच होतो. मग त्या मुलीचं वाक्य आठवलं, श्वास पाण्यातच सोडा. सोडला. अठ्ठावन्न मिनिटांत बाहेर आलो, सत्तर मिनिटांची मुदत होती. सायकलला तीन तास पन्नास मिनिटं. धावायला लागलो तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. गोव्यातल्या ऑक्टोबरच्या दमट उन्हात मी निम्मा पळालो, निम्मा चाललो. साठीच्या एका बाईंनी मला मागे टाकलं आणि जाताना पाठीवर थाप मारली. एकूण आठ तास पाच मिनिटं. माझ्या मागे फार लोक उरले नव्हते. मेडल गळ्यात पडलं तेव्हा रडू आलं हे खरं, पण त्याचं कारण फार थोर नव्हतं. पायाला फोड आले होते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. घरी आल्यावर मी मेडलचा फोटो टाकला. चारशे लाईक आले. पुढच्या आठवड्यात मी तो फोटो दिवसातून पाच-सहा वेळा उघडून बघतोय, हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे जिममधला आरसा गेला आणि खिशातला आला. पूर्वी मी इंच सांगायचो, आता तास आणि मिनिटं सांगायला लागलो होतो. हा धोका मला या नव्या लाटेत सगळीकडे दिसतो. आयर्नमॅनचा टॅटू, लाखांची सायकल, घड्याळ, फोटोग्राफर. पैसेवाल्यांचा हा नवा दागिना होतो आहे. माझी सायकल, नोंदणी, प्रवास आणि राहणं मिळून मला घरखर्चातून दीड वर्ष बचत करावी लागली. माझ्या वर्गातल्या पोरांच्या बापांना मी काय तोंडाने सांगू की तब्येत हवी असेल तर ट्रायथलॉन करा? तसं मी सांगतही नाही. बॉडीबिल्डरने ट्रायथलॉन केली म्हणून तो थोर होत नाही. मला तिने एवढंच दाखवलं की माझ्या अंगात कुठे भोक होतं.

ते भोक बुजवायला समुद्र लागत नाही. दादांच्या तालमीला लागला नव्हता. आठवड्यातून चार-पाच दिवस धाप लागेल न लागेल इतपत चालणं-पळणं, दोन दिवस वजनं किंवा जोर-बैठका, आणि ताटातली भाकरी. वजनं सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. चाळिशीनंतर स्नायू आपोआप झडायला लागतात, म्हातारपणी पडून मांडीचं हाड मोडण्यापासून तेच वाचवतात. अब्बांना जिन्यावरून उचलायला दंड लागलेच होते. पण दंड आणि दम यांची फारकत करून जो धंदा उभा राहिला आहे, त्याला मी आता नावाने ओळखतो.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. जिमच्या मालकांनी भिंतीवर फोटो लावण्याआधी नव्या पोराचा रक्तदाब एकदा मोजावा. दोनेक हजारांचं यंत्र येतं, एका प्रोटीनच्या डब्याहून स्वस्त. आयांनी, बापांनी पोराच्या बॅगेत इंजेक्शनची सुई सापडली तर मारझोड न करता त्याला घेऊन डॉक्टरकडे जावं. ‘माझा पोरगा निर्व्यसनी आहे, फक्त जिम करतो’ असं म्हणणाऱ्या घरांत माझं घरही होतं. आणि गावोगावच्या तरणतलावांनी बायका-मुलींची वेळ भर दुपारी अडीचला ठेवणं बंद करावं. माझ्या मुलीला पोहायला शिकवायचं म्हणून मी ती वेळ विचारायला गेलो होतो. त्या वेळी ती शाळेत असते आणि तिची आई स्वयंपाकघरात. मला ज्या मुलीने श्वास सोडायला शिकवलं, तिला सकाळची बॅच मिळाली ती तिचे वडील भांडले म्हणून.

आता राहिली पूर्ण अंतराची गोष्ट. लोक विचारतात, पुढे काय, सर? सतरा तासांची कधी? करेनही कदाचित, पैसे साठले तर. तूर्त दर रविवारी अब्बांना घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातो. ते दोनदा बसतात, मीही त्यांच्याजवळ बसतो. परवा त्यांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाले, “पतला हो गया रे तू.” मग जरा थांबून विचारलं, “दम है ना?”

आहे, म्हटलं.